फंक्शन पॉइंटरचा प्रकार जुळत नाही, असं कंपायलर म्हणतो तेव्हा

सी भाषेत एका फंक्शनचा पत्ता दुसऱ्या फंक्शनच्या हाती देताना कंपायलर कधी कधी जांभळ्या अक्षरांत एक लांबलचक इशारा देतो: ‘इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप’. शिकणारी बहुतेक मुलं तो वाचतच नाहीत. प्रोग्रॅम कंपाइल झालेला असतो, चालतो, उत्तरही बहुतेक वेळा बरोबर येतं. मग चार ओळी वाचायच्या कशाला?

मला विचाराल तर सी मधल्या सगळ्या इशाऱ्यांत हा सर्वांत मन लावून वाचावा असा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डिप्लोमा किंवा बीएस्सी करणाऱ्या मुलांवर आता ती वेळ आलीच आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी असतं, घरच्या लॅपटॉपवर लिनक्सपैकी कुणी उबुंटू टाकलेलं असतं, कुणी फेडोरा. एकच फाइल एकाकडे मुकाट्याने चालते, दुसऱ्याकडे इशारा देते आणि तिसऱ्याकडे कंपाइलच होत नाही. टर्बो सी याच गोष्टीला ‘सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन’ म्हणून पुढे जायचं. उबुंटू २४.०४ सोबत जीसीसी या कंपायलरची १३ वी आवृत्ती येते, तीही इशाऱ्यावर भागवते. फेडोरा ४० सोबत जीसीसी १४ येतो आणि तो सरळ एरर देऊन थांबतो. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने न जुळणाऱ्या पॉइंटरचा इशारा मुळातच एरर करून टाकला. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने फंक्शन पॉइंटरपुरता हाच निर्णय त्याआधी, मार्च २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत घेतला होता. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही आणि मित्राने कोड चोरताना गडबडही केलेली नाही. दोष आधीपासून होता, फक्त आता तो खपवून घेतला जात नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. आंब्याचा सीझन, बागेतून वाशीला जाणाऱ्या पेट्यांची यादी, आणि ती वजनाप्रमाणे लावायची आहे. कोड मी इथे देवनागरीत लिहितो आहे. फाइलीत टाइप करताना इंट, कॉन्स्ट, व्हॉइड वगैरे शब्द अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचे.

स्ट्रक्ट पेटी {
    इंट क्रमांक;
    इंट डझन;
    फ्लोट वजन;
};

इंट वजनाने(स्ट्रक्ट पेटी *क, स्ट्रक्ट पेटी *ख)
{
    रिटर्न क->वजन - ख->वजन;
}

आणि मेनमध्ये:

क्यूसॉर्ट(पेट्या, संख्या, साइझऑफ(पेट्या[०]), वजनाने);

क्यूसॉर्ट हे लायब्ररीतलं फंक्शन. त्याला पेटी म्हणजे काय ते ठाऊक नाही. दोन नगांपैकी आधी कोणता, हे ते तुम्हालाच विचारतं, आणि विचारायचं कुठे ते कळावं म्हणून चौथ्या जागी तुम्ही आपल्या फंक्शनचा पत्ता देता. यावर जीसीसी साधारण असं म्हणतो:

वॉर्निंग: पासिंग आर्ग्युमेंट ४ ऑफ ‘क्यूसॉर्ट’ फ्रॉम इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप
नोट: एक्स्पेक्टेड ‘__कम्पार_एफएन_टी’ {एकेए ‘इंट (*)(कॉन्स्ट व्हॉइड *, कॉन्स्ट व्हॉइड *)’} बट आर्ग्युमेंट इज ऑफ टाइप ‘इंट (*)(स्ट्रक्ट पेटी *, स्ट्रक्ट पेटी *)’

पहिल्या ओळीत जागा सांगितली आहे: चौथं आर्ग्युमेंट. खरा ऐवज दुसऱ्या ओळीत आहे. ‘एक्स्पेक्टेड’ नंतर येतं ते लायब्ररीला हवं असलेलं, ‘बट’ नंतर येतं ते तुम्ही दिलेलं. ‘एकेए’ म्हणजे उर्फ. अंडरस्कोरवालं ते विचित्र नाव लायब्ररीने ठेवलेलं टोपणनाव आहे, ते सोडून द्या आणि महिरपी कंसातला खरा प्रकार बघा. दोन्ही प्रकार वहीत एकाखाली एक लिहा. परत येणारी किंमत, पहिलं आर्ग्युमेंट, दुसरं आर्ग्युमेंट, अशी एकेक जागा ताडून बघा. फरक कुठे आहे ते तिथल्या तिथे दिसतं.

‘इंट (*)(...)’ हे लिखाण पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकतं. ते आतून बाहेर वाचायचं. कंसातली चांदणी म्हणते, हा पॉइंटर आहे. तिच्या उजवीकडचा कंस म्हणतो, तो एका फंक्शनकडे बोट दाखवतो आणि त्या फंक्शनला अमुक अमुक द्यावं लागतं. डावीकडचा इंट म्हणतो, ते फंक्शन इंट परत देतं. चांदणीभोवतीचा कंस काढला तर अर्थच बदलतो. ‘इंट *फ(व्हॉइड)’ म्हणजे इंटचा पॉइंटर परत देणारं साधं फंक्शन. परीक्षेत या कंसावर हमखास गुण जातात.

आता मुख्य शंका, जी प्रत्येक बॅचला कुणीतरी विचारतंच आणि विचारायलाच हवी. व्हॉइड पॉइंटरमध्ये कुठलाही पॉइंटर चालतो ना? स्मृतीतली जागा मागून घेणाऱ्या मॅलॉकने दिलेला पत्ता आपण बिनदिक्कत इंट पॉइंटरमध्ये ठेवतो, कंपायलर हूं की चूं करत नाही. मग पेटीचा पॉइंटर घेणारं फंक्शन व्हॉइड पॉइंटर घेणाऱ्याच्या जागी का चालू नये?

मॅलॉकच्या ओळीत कंपायलरला दोन्ही बाजू दिसतात. एका प्रकारचा पत्ता येतोय, दुसऱ्या प्रकारच्या व्हेरिएबलात जातोय, तर मध्ये जे काही रूपांतर लागेल ते तो त्याच ओळीत घालू शकतो. क्यूसॉर्टचं तसं नाही. ते कुणीतरी केव्हाच कंपाइल करून लायब्ररीत ठेवलेलं आहे. त्याच्या आत तुमच्या फंक्शनला हाक मारणारी जी सूचना आहे ती ‘दोन व्हॉइड पॉइंटर देतोय’ असं धरूनच मशीनच्या भाषेत उतरलेली आहे. तुमची फाइल कंपाइल होताना त्या सूचनेत काही घालता येत नाही. रूपांतर करायला जागाच उरलेली नाही. म्हणून व्हॉइड पॉइंटरचा सैलपणा डेटाच्या पत्त्यांपुरता आहे. फंक्शनचा प्रकार पाहताना त्याच्या आतले आर्ग्युमेंट तंतोतंत जुळावे लागतात.

‘पण सगळे पॉइंटर शेवटी एकच आकडा ना?’ आजच्या लॅपटॉपवर हो. सगळ्या मशीनवर नाही. डेटा जनरल या कंपनीच्या इक्लिप्स एमव्ही मालिकेतल्या संगणकांवर सी कंपायलर दोन तऱ्हेचे पत्ते वापरायचे. कॅर पॉइंटर आणि व्हॉइड पॉइंटरसाठी बाइटचा पत्ता, बाकी सगळ्यांसाठी वर्डचा, म्हणजे काही बाइटच्या गटाचा, पत्ता. स्मृतीतली जागा एकच असली तरी तो पत्ता लिहिण्याची रीत वेगळी. त्या मशीनवर आपलं ‘वजनाने’ क्यूसॉर्टला दिलं असतं तर क्यूसॉर्टने बाइटचा पत्ता दिला असता, फंक्शनने तो वर्डचा समजून वाचला असता आणि भलत्याच ठिकाणची पेटी तोलली असती. सीचं स्टँडर्ड लिहिताना अशीही मशीन डोळ्यांसमोर होती. म्हणून नियम असा झाला: एका प्रकारच्या फंक्शन पॉइंटरचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करून परत मूळ प्रकारात आणलं तर तो पहिल्यासारखाच असेल याची हमी आहे, पण रूपांतरित पॉइंटरने हाक मारली आणि समोरच्या फंक्शनचा प्रकार त्याच्याशी सुसंगत नसेल, तर काय होईल याची कसलीही हमी नाही.

पेटीचं उदाहरण दुरुस्त कसं करायचं? फंक्शनचा आकार लायब्ररी म्हणते तसाच ठेवायचा आणि आपला खरा प्रकार आत उलगडायचा.

इंट वजनाने(कॉन्स्ट व्हॉइड *क, कॉन्स्ट व्हॉइड *ख)
{
    कॉन्स्ट स्ट्रक्ट पेटी *प = क;
    कॉन्स्ट स्ट्रक्ट पेटी *फ = ख;
    रिटर्न (प->वजन > फ->वजन) - (प->वजन < फ->वजन);
}

बाहेरून हे फंक्शन क्यूसॉर्टला हवं तसंच दिसतं. आतल्या पहिल्या दोन ओळींत व्हॉइड पॉइंटर पेटीच्या पॉइंटरमध्ये जातो आणि तिथे कंपायलरला दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे रूपांतर कायदेशीर होतं. कास्ट, म्हणजे कंसात प्रकार लिहून सक्तीने केलेलं रूपांतर, लिहावाच लागत नाही. कॉन्स्ट मात्र गाळू नका. क्रम ठरवताना पेटीला हात लावणार नाही, असा तो शब्द आहे आणि क्यूसॉर्टला तो हवाच असतो. नुसता कॉन्स्ट विसरलात तरी हाच इशारा येतो.

शेवटची ओळही मी बदलली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. मूळ कोडमध्ये वजनांची नुसती वजाबाकी होती. एक पेटी १७.४ किलो, दुसरी १७.१. फरक ०.३. तो इंट म्हणून परत गेला की दशांश गळून पडतो आणि उरतं शून्य. क्यूसॉर्टला वाटतं दोन्ही पेट्या सारख्याच. किलोच्या आतले सगळे फरक असे नाहीसे होतात आणि यादी जवळजवळ बरोबर दिसते, तेच जास्त घातक. याबद्दल साध्या कंपाइलमध्ये इशाराही येत नाही. त्यासाठी कंपायलरचा ‘-डब्ल्यूफ्लोट-कन्व्हर्जन’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. फंक्शन पॉइंटरच्या इशाऱ्यामुळे तुम्ही त्या फंक्शनकडे परत वळलात, म्हणून हा दुसरा दोष हाती लागला. असं पुष्कळदा होतं.

कास्ट टाकून इशारा घालवणं

शोधायला गेलं की दुसरं ‘उत्तर’ लगेच सापडतं. क्यूसॉर्टच्या चौथ्या जागी फंक्शनच्या नावाआधी कंसात ‘इंट (*)(कॉन्स्ट व्हॉइड *, कॉन्स्ट व्हॉइड *)’ लिहून टाका, इशारा जातो. जातो खरा. पण कास्टने फंक्शन बदलत नाही, बदलतं फक्त कंपायलरला दिसणारं लेबल. आतलं मशीन कोड होतं तसंच राहतं. मी हा उपाय शिकवत नाही. का नाही, ते पुढच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

गावांची नावं अकारविल्हे लावायची आहेत.

कॉन्स्ट कॅर *गावे[] = { "वेंगुर्ले", "देवगड", "मालवण", "गुहागर" };

स्ट्रिंगची तुलना करायला एसटीआरसीएमपी हे तयार फंक्शन आहेच, तेच दिलं क्यूसॉर्टला. इशारा आला: हवे होते दोन कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर, मिळाले दोन कॉन्स्ट कॅर पॉइंटर. मुलांना वाटतं, किरकोळ फरक आहे, कॅर पॉइंटर काय नि व्हॉइड पॉइंटर काय. कास्ट टाकला. इशारा गेला. यादी चुकीची.

कारण असं. क्यूसॉर्ट प्रत्येक वेळी ॲरेतल्या नगाचा पत्ता देतं. या ॲरेतला नग म्हणजे गावाचं नाव नव्हे, तो नावाचा पत्ता आहे. म्हणजे फंक्शनच्या हातात पडतो पत्त्याचा पत्ता. एसटीआरसीएमपीला ते कळायला मार्ग नाही. ते मिळालेल्या जागी जाऊन तिथले बाइट अक्षरं समजून वाचू लागतं, आणि तिथे अक्षरं नसून ‘मालवण’ हा शब्द स्मृतीत कुठे आहे त्याचा आकडा असतो. गावं लागतात ती त्यांच्या पत्त्यांतल्या बाइटप्रमाणे. एखाद्या वेळी योगायोगाने क्रम बरोबरही येतो, विशेषतः नावं कोडमध्ये आधीच बऱ्यापैकी क्रमाने लिहिलेली असली तर. मग दोष महिनोन्महिने दडून राहतो.

बरोबर फंक्शन असं:

इंट नावाने(कॉन्स्ट व्हॉइड *क, कॉन्स्ट व्हॉइड *ख)
{
    कॉन्स्ट कॅर *कॉन्स्ट *प = क;
    कॉन्स्ट कॅर *कॉन्स्ट *फ = ख;
    रिटर्न एसटीआरसीएमपी(*प, *फ);
}

एक पायरी उतरण्यासाठी त्या चांदण्या आहेत. गंमत म्हणजे ॲरे ‘कॅर गावे[४][४०]’ असा दुहेरी असता, तर नग म्हणजे खुद्द अक्षरं झाली असती आणि तोच कास्ट आजच्या मशीनवर चालून गेला असता. कास्ट दोन्हीकडे अक्षरशः एकच, एका ठिकाणी उत्तर बरोबर, दुसऱ्या ठिकाणी चूक, आणि कंपायलर दोन्हीकडे गप्प, कारण तुम्हीच त्याला गप्प केलंय. (स्ट्रिंग देवनागरीत असतील तर बाइटवार तुलनेने लागणारा क्रम शब्दकोशासारखा प्रत्येक वेळी येईलच असं नाही, तो विषय निराळा.)

कास्टवर नजर ठेवणारा एक इशारा जीसीसीमध्ये आहे: ‘-डब्ल्यूकास्ट-फंक्शन-टाइप’. २०१८ च्या जीसीसी ८ पासून तो जादा इशारे मागणाऱ्या ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ या पर्यायासोबत आपोआप चालू होतो. आर्ग्युमेंटची संख्या वेगळी असली, किंवा एकीकडे इंट आणि दुसरीकडे डबल असलं, तर तो पकडतो. पण दोन्हीकडे पॉइंटर असले तर तो सोडून देतो, मग ते कशाचेही पॉइंटर असोत. म्हणजे एसटीआरसीएमपीचा हा घोळ त्याच्या जाळ्यातून सुटतो. कास्ट न करता आलेला पहिला इशारा हीच काय ती तुमची एकमेव संधी होती.

आकडा कुठे ठेवला आणि कुठे शोधला

पॉइंटर-पॉइंटरमधला फरक आजच्या मशीनवर बहुधा निभावून जातो. इंट आणि डबल यांच्यातला फरक निभावत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्याची उंची काढणारं एक फंक्शन घ्या:

डबल पाणी(डबल तास);

आणि आलेख काढणाऱ्या कोडला हवं आहे ‘डबल (*)(इंट)’. मधे कास्ट टाकून दिलं. ६४ बिटच्या लिनक्सवर ठरलेली रीत अशी आहे की पहिलं पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय नावाच्या रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ठेवायचं आणि पहिलं डबल एक्सएमएम० नावाच्या रजिस्टरात. आलेखवाला ६ हा आकडा आरडीआयमध्ये ठेवून हाक मारतो. ‘पाणी’ एक्सएमएम० उघडून बघतं. तिथे आधीच्या कुठल्या तरी हिशेबाचा उरलेला आकडा असतो, तोच ते ‘तास’ समजतं.

आपल्याकडे मुंबईहून गावाला एसटीने सामान पाठवतात तसंच हे आहे. चढवणारा आणि उतरवणारा एकमेकांना भेटत नाहीत. सामान टपावर आहे की मागच्या डिकीत, हे आधी ठरलेलं असतं. एकाने टपावर चढवलं आणि दुसऱ्याने डिकी उघडली, तर त्याच्या हाती कुणाची तरी भलतीच गोणी लागते, आणि गाडी तर वेळेवरच आलेली असते. प्रोग्रॅमही तसाच कोसळत नाही. आलेख निघतो. हर्णै बंदरात सकाळी सहाला किती पाणी असेल याचा एक आकडाही मिळतो, फक्त त्याचा सहाशी काही संबंध नसतो.

परत येणाऱ्या किमतीचंही असंच. नवा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं काम, सुरू करणाऱ्या पीथ्रेड_क्रिएटला ‘व्हॉइड *(*)(व्हॉइड *)’ या आकाराचं फंक्शन लागतं, म्हणजे व्हॉइड पॉइंटर घेणारं आणि व्हॉइड पॉइंटरच परत देणारं. मुलं सर्रास ‘व्हॉइड वाच(इंट पिन)’ असं लिहून मोकळी होतात. काहीच परत न देणाऱ्या फंक्शनने आरएएक्स या रजिस्टरात काही ठेवलेलं नसतं. तिथे जे उरलंसुरलं असेल ते थ्रेड संपायची वाट पाहणाऱ्या पीथ्रेड_जॉइनच्या हाती निकाल म्हणून जातं. दुरुस्ती पुन्हा तीच: आकार त्यांचा, अर्थ आपला.

व्हॉइड *वाच(व्हॉइड *संदर्भ)
{
    इंट पिन = *(इंट *)संदर्भ;
    ...
    रिटर्न नल;
}

इथे एक सांभाळा. लूपमध्ये चार थ्रेड सुरू करताना लूपच्याच व्हेरिएबलचा पत्ता चौघांना देऊ नका. थ्रेड वाचायला घेईपर्यंत लूप पुढे गेलेला असतो. चार पिनांचा वेगळा ॲरे करा आणि ज्याचा त्याला पत्ता द्या.

हाक मारणाऱ्याने गरजेपेक्षा जास्त आर्ग्युमेंट दिली तर ६४ बिटच्या मशीनवर बहुधा जास्तीचं रजिस्टर न वाचता पडून राहतं आणि काही बिघडत नाही. म्हणूनच ती सवय इतकी पसरली. पण हाच कोड ब्राउझरमध्ये चालवायला वेबअसेंब्लीत नेला की पॉइंटरमार्फत मारलेली प्रत्येक हाक चालू असताना तपासली जाते. आर्ग्युमेंटची संख्या किंवा मूळ जात जुळली नाही की प्रोग्रॅम जागीच थांबतो. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल याहूनही कडक झाला. क्लँगने बांधलेल्या कर्नलमध्ये २०२१ च्या ५.१३ आवृत्तीपासून आर्म६४ या प्रोसेसरांवर ही तपासणी चालू करण्याची सोय आली. फंक्शनचा प्रकार अपेक्षेप्रमाणे नसेल तर हाक अडवली जाते, आणि तिथे पेटीचा पॉइंटर आणि व्हॉइड पॉइंटर हेही वेगळेच धरले जातात. यामागे सुरक्षेचं कारण आहे. घुसखोर पुष्कळदा एखादा फंक्शन पॉइंटर बदलून भलत्याच फंक्शनकडे वळवतो. प्रकार तपासला की त्याला वळायला फार थोड्या जागा उरतात. ही तपासणी शक्य व्हावी म्हणून कर्नलमधले जुने सैल कास्ट आधी निस्तरावे लागले. टायमरला जे फंक्शन द्यायचं ते पूर्वी एक अनसाइन्ड लाँग घ्यायचं आणि त्यात लोक पॉइंटर कोंबून पाठवायचे. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ पर्यंत शेकडो ड्रायव्हरांतलं ते सगळं बदलून टायमरचा स्वतःचा पॉइंटर घेणारी रीत आणली गेली.

रिकामा कंस

जुन्या पुस्तकांतून उतरवलेल्या कोडमध्ये ‘व्हॉइड (*काम)()’ असं फार दिसतं. १९८९ च्या स्टँडर्डने प्रोटोटाइप, म्हणजे आर्ग्युमेंटचे प्रकार सांगणाऱ्या घोषणा, आणल्या, पण आधीचा कोड मोडू नये म्हणून रिकाम्या कंसाचा अर्थ ‘आर्ग्युमेंट काय आहेत ते सांगितलेलं नाही’ असाच ठेवला. त्यामुळे असल्या पॉइंटरमध्ये बहुतेक कुठलंही फंक्शन बिनबोभाट बसायचं. सी२३ या नव्या स्टँडर्डमध्ये हे संपलं. रिकामा कंस म्हणजे आता ‘एकही आर्ग्युमेंट नाही’. २०२५ चा जीसीसी १५ काही न सांगता सी२३ च धरतो, म्हणून जीसीसी १४ वर निभावलेला कोडही इथे अडतो. कंसात खरे प्रकार लिहा, नाहीतर व्हॉइड लिहा. एकाच आकाराचं फंक्शन चार ठिकाणी लागत असेल तर त्याला टाइपडेफने एक नाव द्या. एरर वाचायलाही सोपी जाते.

कोड आपला नसेल, कुणाची तरी जुनी लायब्ररी असेल आणि आज रात्रीच ती बांधून हवी असेल, तर जीसीसी १४ ला ‘-एफपरमिसिव्ह’ दिलं की या एररचे पुन्हा इशारे होतात. ते लायब्ररीपुरतंच वापरा. स्वतःच्या फाइलींना लावलंत तर वर सांगितलेलं सगळं परत आत येतं.

आणखी एका ठिकाणी हाच एरर हल्ली भेटतो, तेही सीच्या पुस्तकात नव्हे तर ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या चिपच्या बोर्डवर. विहिरीच्या पाण्याची पातळी, आंबा पिकवायच्या खोलीतलं तापमान, असले प्रोजेक्ट आपल्याकडची मुलं हौसेने करतात आणि दोन बोर्ड ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीने जोडतात. आर्डुइनोचा ईएसपी३२ कोर, म्हणजे त्या बोर्डसाठीचं सॉफ्टवेअर, ३ व्या आवृत्तीवर गेला आणि आधीचा चालता कोड ‘इनव्हॅलिड कन्व्हर्जन’ म्हणून थांबला. आर्डुइनोच्या फाइली सी++ म्हणून कंपाइल होतात, आणि तिथे ही गोष्ट इशारा नाही, एररच असते. संदेश आला की हाक मारण्यासाठी जे फंक्शन द्यायचं त्याचं पहिलं आर्ग्युमेंट आधी पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्याचा, म्हणजे बोर्डच्या सहा बाइटच्या ओळखक्रमांकाचा, पॉइंटर होतं. आता ते माहितीच्या एका स्ट्रक्टचा पॉइंटर आहे. दुसरं आणि तिसरं, म्हणजे डेटा आणि त्याची लांबी, तसंच राहिलं.

इथे कास्ट टाकला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. डेटा आणि लांबी ठरलेल्या जागीच असल्यामुळे विहिरीची पातळी अगदी बरोबर छापली जाते. चुकतो फक्त मॅक पत्ता. त्या सहा बाइटच्या जागी स्ट्रक्टमधले पहिले सहा बाइट वाचले जातात: पहिले चार पाठवणाऱ्याच्या पॉइंटरचे, पुढचे दोन घेणाऱ्याच्या पॉइंटरचे. एकच विहीर असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या वाडीतल्या विहिरीवर बोर्ड बसवला आणि मॅकवरून विहीर ओळखायला गेलं की दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात.

खरी दुरुस्ती दोन ओळींची आहे. फंक्शनचं पहिलं आर्ग्युमेंट ‘कॉन्स्ट ईएसपी_नाऊ_रिसीव्ह_इन्फो_टी *इन्फो’ करा. अचूक स्पेलिंग एररमध्ये आणि लायब्ररीच्या हेडर फाइलीत दिलेलं असतं, तिथूनच उचला. आत जिथे जिथे मॅक वापरला होता तिथे त्या स्ट्रक्टमधला पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा सभासद घ्या, म्हणजे ‘इन्फो->एसआरसी_ॲडर’. वाडीतल्या दोन बोर्डांपैकी एकासाठी अजून जुनाच कोर वापरत असाल, तर कोरच्या आवृत्तीचा मॅक्रो तपासून ‘#इफ’ खाली दोन्ही प्रोटोटाइप लिहा आणि दोन्हींतून एकाच आतल्या फंक्शनला हाक मारा.